बीपीची गोळी आणि लिव्हर

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्य उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी ताईंनी केलेले भाषण)



बीपी तपासायला येणाऱ्या काही जणींनी गोळी मनानंच बंद केलीय. विचारलं की सांगतात, "गोळीनं लिव्हर खराब होतं म्हणे." हे अगदीच खोटं नाही, म्हणून नीट सांगते.

लिव्हर म्हणजे यकृत. मटणाच्या दुकानात आपण 'काळीज' म्हणून मागतो ना, तेच. पोटात उजवीकडे, बरगड्यांच्या खाली असतं. गिळलेलं औषध आतड्यातून आधी तिथं जातं. यकृताच्या पेशी त्याची मोडतोड करतात. पण एखादीला एखादं औषध मानवत नाही आणि त्या पेशींनाच इजा होते. मग पेशीतला एसजीपीटी नावाचा पदार्थ रक्तात उतरतो. रिपोर्टमध्ये 'एसजीपीटी वाढलं' लिहितात ते यामुळं.

सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या आपल्याकडं नेहमी मिळणाऱ्या गोळ्यांनी असा त्रास फारच क्वचित होतो. ॲम्लोडिपिननं काहींचे पाय सुजतात, पण ती गोष्ट वेगळी.

लक्ष ठेवायचं ते लॅबेटालॉल आणि मिथाइलडोपा या दोन गोळ्यांवर. दोन्ही गरोदरपणातल्या बीपीसाठी देतात, आणि द्यायलाच लागतात, कारण बाकीच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला चालत नाहीत. यांनी क्वचित कुणाच्या यकृताला सूज येते. मिथाइलडोपाचा त्रास बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दिसतो. लवकर ओळखून डॉक्टरांनी गोळी बदलली तर यकृत बहुधा पूर्वीसारखं होतं. दुर्लक्ष झालं तर जीवावर बेतल्याच्याही नोंदी आहेत. अमेरिकेत टिक्रिनाफेन नावाची बीपीची गोळी 1979 मध्ये आली आणि यकृताच्या त्रासामुळं 1980 मध्येच बाजारातून काढली. तेव्हा डॉक्टर लोक याकडं बघत नाहीत असं नाही.

ओळखायचं कसं? लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. डोळे पिवळे दिसतात. पुरळ नसताना अंग खाजतं, जेवण नको वाटतं, मळमळतं, उजव्या बरगडीखाली दुखतं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, गोळीचं पाकीट सोबत घेऊन. कावीळ उतरवून घ्यायला जाऊन चार दिवस घालवायचे नाहीत. गरोदर बाईनं तर थांबायचंच नाही. बीपी फार वाढल्यानंही यकृताला इजा होते. गोळीमुळं की आजारामुळं, ते रक्त तपासूनच कळतं.

आणि दारू, गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या, कुणी दिलेलं बिननावाचं चूर्ण, हेही यकृतालाच निस्तरावं लागतं. डॉक्टरांना हे सांगायला आपण लाजतो. बीपीच्या गोळीला मात्र लगेच नावं ठेवतो!

काही त्रास नसताना भीतीनं गोळी सोडू नका. लॅबेटालॉलसारखी गोळी एकदम सोडली तर बीपी उसळतो. लकवा मारल्यावर यकृत चांगलं असून काय उपयोग? आधीपासून यकृताचा आजार असेल तर गोळी सुरू करतानाच सांगा.

पुढच्या सभेला येताना घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, रिकामी असली तरी चालतील. नावं आपण मिळून वाचू.