नाव कोणी ऐकलेलं नाही, मग कॉलेज चांगलं कसं?



आयोजकांनी मला विषय दिला तो असा: अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचा जेवढा बोलबाला आहे तेवढी ती खरंच चांगली आहेत का, आणि आपल्या मुलामुलींनी त्या वाटेला जावं का? आधी एक गैरसमज दूर करते. आपल्या घरांत ‘आर्ट्स’ म्हणजे सायन्सला नंबर लागला नाही म्हणून घेतलेली बाजू. इथे तसं नाही. या कॉलेजांत भौतिकशास्त्र, गणित, कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र सगळं असतं. सुरुवातीला निरनिराळे विषय घ्यायचे, मग एकात खोल शिरायचं, अशी चार वर्षांची पदवी. पीएचडी करणारे विद्यार्थी तिथे बहुधा नसतातच, त्यामुळे प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत मदतीला पदवीचीच मुलं असतात. 1975 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघांत विभागून दिलं गेलं. त्यातले दोघे, डेव्हिड बाल्टिमोर आणि हॉवर्ड टेमिन, स्वार्थमोर या एकाच कॉलेजात शिकलेले. त्या कॉलेजात आजही दोन हजारांपेक्षा कमी विद्यार्थी आहेत.

आता प्रतिष्ठेकडे येऊ. प्रतिष्ठा म्हटली की माझा पहिला प्रश्न असतो, कोणाकडे? लग्नघरात तुम्ही ‘हार्वर्ड’ म्हणालात तर चाचा-खाला उठून गळ्यात पडतील. ‘ग्रिनेल’ म्हणालात तर विचारतील, “बेटा, दुसरीकडे कुठे नाही मिळालं का?” पण अमेरिकेतल्या पीएचडीच्या प्रवेश समितीला ग्रिनेल, कार्लटन, रीड ही नावं पाठ असतात. या कॉलेजांतून पुढे डॉक्टरेटपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण मोठमोठ्या विद्यापीठांच्याही वर असतं. म्हणजे ज्याला पुढे संशोधन करायचं आहे त्याला हे नाव उपयोगी आहे. ज्याला परत येऊन पुण्या-मुंबईत नोकरी शोधायची आहे त्याला ते दर मुलाखतीत समजावून सांगावं लागेल. हा फरक अर्ज करायच्या आधी लक्षात घ्या.

क्रमवारीचं काय? तुमच्यातले बरेच जण मोबाईलवर ‘यू.एस. न्यूज’ची यादी उघडून बसता. ही यादी 1983 पासून निघते आणि तिच्यातले 20 टक्के गुण केवळ मतावर दिले जातात. एका कॉलेजच्या प्रमुखांना इतर कॉलेजांना गुण द्यायला सांगतात. ज्या कॉलेजात कधी पाऊल टाकलं नाही त्याला गुण देणार कसे? ऐकीव नावावरच ना! रीड कॉलेजने 1995 पासून या यादीला माहिती देणंच बंद केलं. दुसरीकडे, क्लेअरमॉन्ट मॅकेना या नावाजलेल्या कॉलेजला 2012 मध्ये कबूल करावं लागलं की प्रवेश परीक्षेचे आकडे कित्येक वर्षं फुगवून कळवले गेले होते. यादी जरूर बघा, पण सातवा आणि सतरावा यांतल्या फरकासाठी झोप घालवू नका.

मला स्वतःला या कॉलेजांचं खरं आकर्षण कशात वाटतं ते सांगते. मी पदवीला शिकवते. माझ्या हजेरीपटावर शंभराच्या वर नावं, पेपर विद्यापीठ काढणार, अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवणार. अशा वर्गात एखाद्या मुलीने वेगळा प्रश्न विचारला की बाकीचे घड्याळ बघतात. आणि विल्यम्स कॉलेजात ट्युटोरियल नावाचा वर्ग असतो. दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक. या आठवड्यात एकाने निबंध लिहून आणायचा आणि दुसऱ्याने त्याच्यातल्या उणिवा काढायच्या, पुढच्या आठवड्यात उलट. लपायला जागाच नाही. आपल्याकडच्या किती मुलांना वीस वर्षांच्या वयात कोणी तासभर गंभीरपणे ऐकून घेतं? मुलींना तर त्याहून कमी. मला विचाराल तर मोठं नाव, हिरवं मैदान, दगडी इमारती हे सगळं एका बाजूला आणि हा एक तास दुसऱ्या बाजूला.

पण पैसा! वर्षाचा एकूण खर्च अनेक नामांकित ठिकाणी 80,000 डॉलरच्या वर आहे. तो छापील आकडा पाहून बरेच जण वाट सोडतात, आणि काही जण नको तिथे हुरळून जातात. एखादं कॉलेज कळवतं, ‘अभिनंदन, तुम्हाला वर्षाला 20,000 डॉलरची स्कॉलरशिप.’ घरात पेढे वाटले जातात. उरलेले 60,000 गुणिले चार वर्षं करा. दोन लाख 40,000 डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या घरात. त्यासाठी जमीन गहाण टाकू नका, आणि व्याज ज्यांना मंजूर नाही त्यांनी तर हा हिशेब आधीच करावा. याउलट अ‍ॅमहर्स्ट आणि बोडिन ही कॉलेजं परदेशी मुलाचा प्रवेश ठरवताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि निवड झाली की कमी पडणारी सगळी रक्कम देतात. अर्थात तिथे निवड होणं महाकठीण. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाची ऐपत बघूनच प्रवेश ठरतो.

ही मदत येते कुठून, तेही बघा. ग्रिनेल आयोवात, मक्याच्या शेतांमध्ये. तिथला एक विद्यार्थी रॉबर्ट नॉयस पुढे 1968 मध्ये ‘इंटेल’चा सहसंस्थापक झाला आणि कॉलेजने त्या कंपनीत सुरुवातीलाच पैसे घातले. आज ग्रिनेलचा निधी अब्जावधी डॉलरचा आहे. ज्यांच्याकडे असा निधी नाही त्यांची अवस्था नाजूक आहे. कॅलिफोर्नियातलं मिल्स कॉलेज 2022 मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झालं. चार वर्षांत कॉलेजच उरलं नाही तर? म्हणून निधी किती आहे हे विचारण्यात लाज नाही.

विषयाचाही विचार करा. स्वार्थमोर, स्मिथ अशी थोडी सोडली तर बहुतेक ठिकाणी इंजिनिअरिंग नाही. डॉक्टरकी तर अमेरिकेत पदवीनंतरच सुरू होते. सध्याच्या नियमांनुसार पदवीनंतर तिथे काम करायला 12 महिने मिळतात, विज्ञान-गणिताच्या पदव्यांना आणखी 24. इतिहास घेणाऱ्याला एकच वर्ष. म्हणून इतिहास घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या, पण घरी हे सांगून घ्या.

अर्जाची फी जड जात असेल तर माफीची विनंती करता येते, बरीच कॉलेजं ती मान्य करतात. आणि तिथे शिकणाऱ्या आपल्याकडच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारा: मेसमध्ये हलाल मिळतं का, नमाजला खोली आहे का, गावात बस आहे का. डिसेंबरच्या सुट्टीत हॉस्टेल बंद होतं का, हे तर जरूर विचारा. बऱ्याच ठिकाणी होतं, आणि तेव्हा आयोवात बर्फ पडत असतो.