पिवळ्या बोटांचे ठसे



अध्यक्षाने आधी आभार मानायचे आणि मग आपण या खुर्चीला कसे अपात्र आहोत हे दहा मिनिटं ऐकवायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. आभार मनापासून मानतो. अपात्रतेचं भाषणाच्या ओघात कळेलच.

मला विषय दिलाय तो शास्त्रवाचनातून रोजच्या जगण्यासाठी घ्यायच्या धड्यांचा. मी हाडाचा मास्तर. धड्याखाली स्वाध्याय असतो आणि त्याचं उत्तर धड्यातच कुठंतरी दडलेलं असतं, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती धडा वाचतच नाहीत, उत्तर तेवढं हुडकून काढतात. आपलं शास्त्रवाचन याहून वेगळं आहे का? सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या चित्रावर एक वचन येतं, आपण जोडलेले हात टाकतो आणि पुढं ढकलतो. कुणी डोळे मिटून पुस्तक उघडतं, बोट पडेल ते आजचं वचन. बोट अडचणीच्या ओळीवर पडलं तर पुन्हा एकदा डोळे मिटतं. हसू नका, मीही केलंय. आणि उपदेश चालू असताना तर पुढच्या बाकावरचा माणूस डोळ्यांपुढं ठेवूनच आपण ऐकतो. बरं झालं, आज हा आलाय, असं म्हणतो मनात.

ना. वा. टिळकांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांना तो काही फारसा रुचला नव्हता, पण वाचीन असा शब्द दिला होता. सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून बसले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी, अडकले ते कायमचे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण व्याख्यानांतून ही गोष्ट सांगताना गाडीतून थेट बाप्तिस्म्यावर उतरतो. मला मधली पेन्सिल महत्त्वाची वाटते. न आवडणाऱ्या पुस्तकाची पहिली चार कंटाळवाणी प्रकरणं हा माणूस खुणा करत वाचतो. वंशावळीतली नावंसुद्धा. आपल्यातल्या किती जणांनी मत्तयाचा पहिला अध्याय ओलांडून न जाता वाचलाय?

पंडिता रमाबाईंचं याच्या पुढचं. शास्त्रातून धडा घ्यायचा तर ते आधी कळायला हवं, आणि कळायचं कुणाला? केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नुकती झालेल्या बायाबापड्यांना. म्हणून संस्कृतात पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळवलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायला बसली. छपाईचे खिळे जुळवायला सदनातल्याच मुली. 5 एप्रिल 1922 रोजी बाई गेल्या, तेव्हा काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. 1924 मध्ये ते ग्रंथरूपाने बाहेर आलं. त्या भाषांतराच्या मराठीवर विद्वानांनी बोटं ठेवली आहेत, काही ठिकाणी ती योग्यही आहेत. पण जिला संस्कृत येत होतं तिने ते जाणूनबुजून बाजूला ठेवलं, याला मी वाचनाचाच एक प्रकार समजतो.

आता एक धाडस करतो. व्यासपीठावरच्या पाळकसाहेबांच्या भुवया वर जातील, जाऊ द्या. मी बोलतोय ती भूमी नामदेवांची. नर्सी इथून किती लांब आहे, हे हिंगोलीकरांना मी काय सांगावं! संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका कुंभारांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं, ही कथा गावागावांत सांगतात. बाकीचे गप्प बसले, नामदेव रागावले. आणि नेमकं तेच मडकं कच्चं निघालं! ज्याच्याशी देव बोलतो अशी ख्याती, तोच कच्चा. मग त्यांना धाडलं कुठं, तर आपल्या औंढ्याला, विसोबा खेचरांकडे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत तर तिथंही पिंड.

यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातही कुंभारच आहे. परमेश्वर संदेष्ट्याला सांगतो, ऊठ, कुंभाराच्या घरी जा, तिथं तुला माझं वचन ऐकवीन. मंदिरात जा असं म्हणत नाही. यिर्मया जाऊन बघतो तर चाकावरचं मडकं हातातच बिघडलेलं, आणि कुंभार त्याच मातीचं दुसरं करायला लागलेला. मी दोन्ही गोष्टी कालवून एक करत नाही, त्यांचे देवही एक करत नाही. मला एवढंच दिसतं की दोन्हीकडे देवाजवळचा म्हणवणारा माणूस आहे आणि दोन्हीकडे त्याला कुंभाराकडून शिकावं लागलंय. गंमत पाहा, गोरोबांचं तेर ज्या जिल्ह्यात, त्याच तेव्हाच्या उस्मानाबादला 2020 साली मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी एक ख्रिस्ती धर्मगुरू बसले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुबोध बायबल'चे कर्ते.

आता घरचं सांगतो. आमच्या घरातल्या पवित्र शास्त्राच्या पानांवर पिवळ्या बोटांचे ठसे आहेत. माझी आजी हळदीच्या रानातून यायची, हात कितीही घासले तरी पिवळेच. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचायचो आणि ती कुठवर आलो ते बोटाने दाबून धरायची, ओळ पळून जाईल अशी. मत्तयाच्या विसाव्या अध्यायावर ठसे जास्त आहेत. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, नऊला लावतो, बाराला, तीनला, आणि पाच वाजता आलेल्यालाही पुरा रोज देतो, तो अध्याय. मी शाळेतला हुशार पोरगा. म्हणालो, हा अन्याय आहे. आजी म्हणाली, "रानात राबलेल्याला भाकरीची खात्री व्हती रं. चौकात पाचपस्तोर हुबा राहिलेला काय खाणार, ह्याचा घोर त्याला दिवसभर."

पुढं या दाखल्यावर मी बरीच विवरणं वाचली. यहूदी आणि विदेशी, कृपा आणि कर्म, सगळं आहे त्यात. चौकात उभं राहण्याचा घोर मला कुणाकडून मिळाला नाही, तो आजीकडूनच.

आणि तरी काय झालं ऐका. निवृत्तीनंतर मी दीड एकर हळद करतो. दोन वर्षांमागं काढणी चालू होती. पाला कापून झालेला, बाया कंदांची माती झाडून मोडणी करत होत्या, हळद शिजवायचा कुकर भाड्याने सांगून ठेवलेला, म्हणजे एक दिवस चुकला तर पुढची पाळी आठवड्याने. एक बाई अकरा वाजता आली. पोराला ताप होता म्हणाली. मी वहीत तिच्या नावापुढं अर्धा रोज लिहिला. तीनशेतले दीडशे. हिशेबाला काटेकोर असल्याचं समाधानही वाटलं. त्याच रविवारी मंडळीत पाठ वाचायची पाळी माझी होती. कुठला अध्याय ते तुम्ही ओळखलंच असेल. मी तो खड्या आवाजात, विरामचिन्हं सांभाळून वाचला आणि जागेवर येऊन बसलो. काहीही झालं नाही. कुणी विजेबिजेची अपेक्षा करू नये. घरी आलो, जेवलो, कपाटातलं आजीचं पुस्तक सहज काढलं, आणि ते पिवळं बोट दिसलं तेव्हा घास वर आला.

संध्याकाळी दीडशे रुपये घेऊन तिच्या घरी गेलो. खरं सांगतो, जाताना मनात ही साक्ष पुढं कुठं सांगायची याची जुळवाजुळव चालू होती. तिनं पाट दिला, पाणी दिलं. पैसे घेतले, मोजले. मग आत जाऊन पोराच्या शाळेची एक जुनी वही घेऊन आली, पानं उलटली आणि म्हणाली, "मास्तर, मागल्या सालचा निंदणीचा बी एक अर्धा रोज हाय तुमच्याकडं. त्या दिशी पाऊस आलता, कामच लवकर मोडलं तुमी."

खिशात शंभर निघाले. पन्नास अजून राहिलेत, ते उद्या बाजारात द्यायचेत.