वहीत न लिहिलेला खर्च

‘जालना सोने का पालना’ असं आमच्याकडे म्हणतात. मोंढा, बियाणं, लोखंडाचे कारखाने यांच्यामुळे ते नवीन जालन्यात राहणाऱ्या माणसाला खरंही वाटतं. श्रोतेहो, आज पाळण्याजवळ बसलेल्या बाईविषयी बोलायचं आहे. माझ्याच बायकोविषयी, तिची परवानगी घेऊन.

२००१ साली आम्हाला दुसरी मुलगी झाली. मी मोंढ्यात एका आडत दुकानात मुनीम होतो. हिशेबाची सवय, म्हणून घरचीही वही ठेवायचो. बायको शिलाई करायची. ब्लाउज, फॉल-पिको, ईदच्या आधी सलवार-कमीज. महिन्याचा किराणा त्यातून निघायचा. चाळीस दिवस झाले, न्हाणं झालं, तरी ती उठेना. रात्री झोप नाही, दिवसा बोलणं नाही. बाळ रडलं तरी तोंड भिंतीकडे. शेजारणी म्हणाल्या, पुन्हा मुलगी झाली म्हणून मनाला लावून घेतलंय. अम्मी म्हणाली, नजर लागली. मी नव्या लेकीवर कविता लिहीत होतो. तिच्या आईकडे माझं लक्षच नव्हतं.

ती वही अजून आहे. डब्याचं दूध, दर्ग्यापर्यंत रिक्षा, तावीज, बाळाच्या जुलाबाचे डॉक्टर, सलाइन, भिशीतून उचल. बंद पडलेल्या शिलाईची नोंद नाही, कारण न आलेला पैसा वहीत लिहायची रीत नाही. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. माझे खाडे झाले, पगार कापला गेला. सात वर्षांच्या थोरलीची शाळा तीन महिने बुडाली. बाळाला तीच सांभाळायची. सातव्या महिन्यात मशीन विकलं. ती रक्कम मात्र मी ‘जमा’ बाजूला लिहिली आहे!

वर्षभरानं एका नर्सबाईंच्या सांगण्यावरून तेव्हाच्या औरंगाबादला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. पाच-सहा महिन्यांत ती हसू-बोलू लागली. गोळ्यांचा सगळा खर्च विकलेल्या मशीनच्या किमतीहून कमी होता.

आमचं घर काही जगावेगळं नव्हतं. गोव्यात म्हापशाच्या एका रुग्णालयातल्या बाळंतिणींचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. शंभरांत सुमारे तेवीस जणींना नैराश्य आढळलं आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. गरिबी आणि मुलगी होणं, दोन्हींचा संबंध दिसला. म्हणजे शेजारणी अगदीच खोटं बोलत नव्हत्या. ब्रिटनमध्ये २०१४ साली याचा हिशेब मांडला गेला. एका वर्षातल्या बाळंतपणांमागे ८१० कोटी पौंडांचा बोजा, आणि त्यातला ७२ टक्के मुलांवर झालेल्या परिणामांचा. थोरलीची बुडालेली शाळा कोणत्या रकान्यात बसेल, कोण जाणे.

उपाय फार महाग नाही. गोव्यातच साध्या, गावातल्या बायकांना शिकवून गरोदर आणि बाळंत स्त्रियांकडे पाठवलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०१९ साली आले. बऱ्या होणाऱ्या बायका वाढल्या, आणि वाचलेला औषधपाणी, वेळ नि मजुरी धरता खर्च भरून निघाला.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, बाळाचं वजन करतात. त्याच फेरीत आईला विचारावं, झोप लागते का, काही करावंसं वाटतं का. सरकारची १४४१६ ही ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

बायकोनं २००४ मध्ये पुन्हा मशीन घेतलं, हप्त्यानं. ते हप्ते तिनं स्वतःच्या वहीत लिहिले.