उतारावरचा गिअर

चाकणच्या कारखान्यांतला माल न्हावा-शेवा बंदराकडे नेणाऱ्या मालमोटारीची खरी परीक्षा खंडाळ्यापुढे होते. चढणीवर ड्रायव्हर सावध असतो. घात होतो तो बोरघाट उतरताना. डिझेल वाचवायला काहीजण गाडी न्यूट्रलवर सोडतात. उतारावर बैल सोडून गाडी कोणी हाकतो काय? इंजिनाचा आवर सुटला की सारा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि पाय कितीही दाबा, गाडी आवरत नाही. सुसाट सुटलेल्या गाडीत खालचा गिअर पुन्हा पडतही नाही. म्हणून ज्या गिअरात घाट चढवता, त्याच्याच आसपासच्या गिअरात उतरावे, आणि तो उतार लागण्याआधीच घालावा. राहता राहिले डिझेल! आजच्या इंजिनात गाडी गिअरात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर इंधन तुटते. न्यूट्रलमध्ये मात्र ते जळतच राहते.