किती टक्के झालं?

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तुझ्या कामाबद्दल पाच मिनिटं बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल.’ प्रयत्न करते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि बरीच वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काम करते. घर बांधताना गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन यांची कामं एकमेकांत अडकू नयेत हे बघायला एक माणूस लागतो, तसं माझं काम. फरक एवढाच, की आमची भिंत डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे ती वाकडी चाललीय हे उशिरा कळतं.

या कामाचीही पुस्तकं आणि परीक्षा असतात. गंमत म्हणजे आपण दहावी झालो त्याच 1996 साली अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या ‘पीएमबॉक गाइड’ची पहिली आवृत्ती आली आणि ब्रिटनमध्ये ‘प्रिन्स टू’ ही पद्धत आली. या इन्स्टिट्यूटची ‘पीएमपी’ परीक्षा मी 2011 मध्ये दिली. तेव्हा चौथी आवृत्ती चालू होती, तिच्यात 42 प्रक्रिया. 200 प्रश्न, चार तास. मुलगी दीड वर्षाची होती. ती झोपली की मी स्वयंपाकघरात बसून तक्ते पाठ करायची. पास झाले, प्रमाणपत्राला फ्रेम केली. आता आपल्याला सगळं येतं, असं वाटायला लागलं.

2014 मध्ये एका मोठ्या कामात मी तोंडावर आपटले. जुन्या सिस्टिममधला डेटा शनिवार-रविवारात नव्या सिस्टिममध्ये न्यायचा होता. माझा प्लॅन चोख होता. धोक्यांची यादी होती, दर शुक्रवारी रिपोर्ट जात होता आणि सगळं हिरवं दिसत होतं. रविवारी रात्री काम फसलं. सोमवारी पहाटे जुनी सिस्टिम पुन्हा चालू करावी लागली. नंतर कळलं, टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलीला ही अडचण तीन आठवडे आधी दिसली होती. मी तिला विचारलं, ‘अगं, मग बोलली का नाहीस?’ ती म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही मीटिंगमध्ये फक्त किती टक्के झालं एवढंच विचारता.’

ते वाक्य मला अजून टोचतं. चूक तिची नव्हती, पुस्तकाचीही नव्हती. मी तक्ता सांभाळत होते, माणसांकडे बघत नव्हते.

पुढे पुस्तकंही बदलली. प्रक्रिया 42 च्या 47 झाल्या, 2017 मध्ये 49. मग 2021 च्या सातव्या आवृत्तीने तो सगळा साचाच बाजूला ठेवला आणि 12 तत्त्वं पुढे केली. त्याच वर्षी परीक्षाही बदलली. तेव्हा प्रश्न 180 झाले, आणि त्यांतले 42 टक्के माणसांबद्दल: मतभेद कसे मिटवायचे, टीमला बळ कसं द्यायचं. साधारण निम्मा पेपर अजाइल किंवा मिश्र पद्धतींवर, म्हणजे थोडं करा, दाखवा, सुधारा, मग पुढे जा. ‘प्रिन्स टू’च्या 2023 च्या सातव्या आवृत्तीतही माणसांना पद्धतीत ठळक जागा दिली गेली. आणि 2025 मध्ये पीएमबॉकची आठवी आवृत्ती आली, तिच्यात तत्त्वं सहावर आली आणि प्रक्रिया परतल्या. म्हणजे नुसत्या तत्त्वांवरही भागत नाही. वेळापत्रक लागतंच.

अनेकांची मुलं आता नोकरीला लागताहेत, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगते. क्लासच्या जाहिराती बघून कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला पीएमपीच्या मागे लावू नका. चार वर्षांच्या पदवीनंतरही तीन वर्षं प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव आणि 35 तासांचं प्रशिक्षण असल्याशिवाय त्या परीक्षेला बसताच येत नाही. आधी कामात मुरू दे. आणि हे प्रमाणपत्र आपल्या डिग्रीसारखं जन्मभराचं नसतं. ते टिकवायला दर तीन वर्षांत 60 पीडीयू जमा करावे लागतात. एक पीडीयू म्हणजे साधारण एक तासाचा अभ्यास किंवा व्यवसायाला उपयोगी पडणारं काम. सुरुवातीला मला याची कटकट वाटायची. रात्री उशिरा वेबिनार लावून मी भांडी आवरायची. 2014 नंतर मात्र मी ते तास कान देऊन ऐकायला लागले.

आता माझ्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न असतो, ‘कुठे अडलंय?’ आणि सगळ्यांत नवा माणूस सगळ्यांत आधी बोलतो. टक्के नंतर. तरी आमची कामं कधीकधी लांबतात, नाही असं नाही. पण रविवारी रात्री धक्का बसत नाही.

हा प्रश्न मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही. गणिताच्या बाई समोरच बसल्या आहेत. बाई, तुम्ही बाकांमधून फिरताना आमच्या वहीत डोकावून ‘कुठे अडलंय गं?’ असंच विचारायचात. उत्तर आलं का, हे नंतर. मला ते आठवायला बरीच वर्षं आणि एक फसलेला रविवार लागला.