रस्टमध्ये नावाचं पहिलं अक्षर

आज रस्टमधल्या स्ट्रिंगबद्दल बोलू या.

काम साधं आहे. यूजरचा फोटो नसेल तर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवायचं. पायथनची सवय असलेला माणूस नावापुढे चौकोनी कंसात शून्य लिहितो. रस्टचा कंपायलर तिथेच अडवतो: एरर ई 0277, स्ट्रिंगला आकड्यानं इंडेक्स करता येत नाही. (ई 0308 वेगळा. तिथे स्ट्रिंग हवी असते आणि आपण अवतरणातला मजकूर तसाच दिलेला असतो. डॉट टू-स्ट्रिंग लावा, पुढे चला.)

लोक ई 0277 वर वैतागतात. मला तो आवडतो, कारण आपल्या लिपीसाठी तो प्रश्न खरा आहे. रस्टची स्ट्रिंग म्हणजे यूटीएफ-8 बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. 'मराठी' हा शब्द घ्या. आपल्याला अक्षरं दिसतात 3, चिन्हं 5, बाइट 15. आता 'शून्य क्रमांकाचं' म्हणजे नेमकं काय हवंय?

मग कोणीतरी स्लाइस सुचवतं, शून्य ते एक. हे कंपाइल होतं! आणि चालवल्यावर प्रोग्राम पॅनिक होतो, कारण 'म'च्या मधोमध काप गेला. ही एरर गप्प करणं झालं, दुरुस्ती नव्हे.

डॉट चार्स, डॉट नेक्स्ट बरं. पण 'क्षितिजा'चा नुसता 'क' येतो. क्षितिजा नावाच्या मुलीला ते चालेल का? त्यासाठी युनिकोड-सेगमेंटेशन हे क्रेट घ्या आणि ग्राफीम्स वापरा. आवृत्ती मात्र नवी हवी. जोडाक्षर एकसंध ठेवायचा नियम युनिकोडमध्ये 15.1 पासून, म्हणजे 2023 साली आला. त्याआधीच्या नियमांनी 'क्' आणि 'षि' वेगळे पडतात.

जिथे कंपायलर काहीच बोलत नाही, ती जागा जास्त वाईट. डॉट लेन बाइट मोजतं. आडनावाला कमाल 20 अशी अट त्यावर घातलीत, तर रोमन लिपीतलं अभ्यंकर 9 बाइटांत आरामात बसतं. देवनागरीत तेच 21 भरतं आणि फॉर्म म्हणतो, आडनाव फार लांब आहे.