पुरवणीतून उघडलेलं दार

आज भेटूया एका ग्रीक अभ्यासकाला.
नाव… वासिलिओस ताताकिस.

एजियन समुद्रात आंद्रोस नावाचं बेट आहे.
तिथे 1896 साली त्यांचा जन्म झाला.
अथेन्सला शिकले. पुढे पॅरिसला गेले.

त्या काळी तत्त्वज्ञानाचा इतिहास कसा सांगत?
प्लेटो, ॲरिस्टॉटल…
आणि मग थेट पश्चिम युरोप!
मधली बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, वगळलेलीच.
तिथल्या लोकांनी नुसत्या पोथ्या सांभाळल्या, असा समज होता.

ताताकिस यांचं म्हणणं वेगळं होतं.
पोथ्या सांभाळल्या, हे खरं.
पण तिथली माणसं स्वतः विचारही करत होती.

1949 साली त्यांचं फ्रेंच पुस्तक आलं.
नाव साधंच… ‘बायझंटाइन तत्त्वज्ञान’.
फ्रेंच अभ्यासक एमील ब्रेहिये यांच्या तत्त्वज्ञानाच्या मोठ्या इतिहासग्रंथाची ही पुरवणी.
पुरवणीच, बरं का!
पण या विषयाचा सलग इतिहास तिनेच प्रथम मांडला.

त्या इतिहासात मिखाएल प्सेलोस आहेत.
अकराव्या शतकातले हे दरबारी विद्वान.
राजकारणात मुरलेले, आणि प्लेटोचे वेडे.
मला तरी हेच गृहस्थ सर्वांत गमतीचे वाटतात.

आणि आहेत बायझंटाइन विचारवंत प्लेथॉन.
पंधराव्या शतकात ते फ्लॉरेन्सला गेले.
तिथल्या इटालियन विद्वानांना त्यांनी प्लेटोची गोडी लावली.
म्हणजे पाहा, श्रोतेहो…
नुसत्या पोथ्या नव्हेत, बायझंटाइन जगात विचारही जिवंत होता.

ताताकिस पुढे थेसालोनिकीच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.
1986 साली ते गेले.
त्यांच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर निघालं,
ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.